थंडीतला दुष्काळ

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात पारा बारा-तेरावर उतरला की चहाच्या टपरीवर थंडीशिवाय विषय नसतो. दहाच्या खाली गेला तर दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो ठरलेला. आपल्या थंडीची धाव तिथवरच. खोडातलं पाणी गोठवणारा गारठा इथल्या झाडांनी पाहिलेला नाही. तरीही ओक, मेपल, भूर्ज यांसारखी रुंद पानांची, कठीण लाकडाची झाडं उणे तीस-चाळीस अंशांत कशी तगतात, हे समजून घ्यायला सोलापूरच्या वाचकाला फार लांब जावं लागत नाही, असं मला वाटतं. त्या झाडांच्या पेशींपुढचा खरा प्रश्न पाण्याचा असतो, आणि पाणी तुटणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आधी एक गैरसमज. फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली फुटते, कारण बर्फ पाण्यापेक्षा साधारण ९ टक्के जास्त जागा घेतो. झाडाची पेशीही अशीच फुगून फुटत असणार, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात हिवाळ्यातली पेशी फुगत नाही, आक्रसते. पेशीच्या आत बर्फ झाला तर ती मरतेच, त्यावर इलाज नाही. पण तयारीतल्या झाडात तो आत होतच नाही. तो पेशींच्या भिंतींत, पेशींमधल्या मोकळ्या फटींत आणि जलवाहिन्यांत होतो, आणि तिथे बसून पेशीतलं पाणी बाहेर ओढत राहतो.

बर्फ बाहेरच का सुरू होतो, याला दोन कारणं आहेत. पेशीच्या आत साखरा, क्षार, आम्लं विरघळलेली असतात. बाहेरचं पाणी जवळजवळ साधं असतं. साधं पाणी शून्याच्या जवळ गोठू शकतं, खारट-गोड पाणी त्याखाली. दुसरं म्हणजे बर्फाला सुरुवात करायला काहीतरी बीज लागतं. अगदी शुद्ध पाण्याचा बारीक थेंब, बीज नसेल तर, उणे ३८ अंशांपर्यंत द्रवच राहतो. सालीवर, पानांवर, फटींत अशी बीजं भरपूर असतात: धूळ, मृत पेशींचे अवशेष, आणि ‘स्यूडोमोनास सिरिंगी’सारखे जिवाणू. या जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत उभं करतं आणि उणे दोन ते पाचमध्येच गोठण सुरू करून देतं. एकदा स्फटिक धरला की तो जलवाहिन्यांतून झपाट्याने फांदीभर पसरतो. पेशीच्या कडेला असलेलं पातळ पटल मात्र त्याला अडवतं. ते शाबूत आहे तोवर बर्फ बाहेर, जीव आत.

आता हिशेबाकडे येऊ, कारण इथेच दुष्काळ दिसतो. बर्फाची पाण्यावरची ओढ शून्याखालच्या दर अंशाला साधारण १.२ मेगापास्कल, म्हणजे १२ बारने वाढते (दोन्ही दाबाची मापं). आपल्या कोरडवाहू रानात जमिनीची पाण्यावरची पकड १५ बारच्या आसपास गेली की पीक मान टाकतं आणि रात्रीच्या गारव्यातही ती पुन्हा वर येत नाही. मृदाशास्त्रात हा कायमचा कोमेजण्याचा बिंदू धरतात. उणे दहा अंशांत उभ्या असलेल्या झाडाच्या पेशीवर बाहेरच्या बर्फाची ओढ १२० बार असते. म्हणजे त्या बिंदूच्या आठपट. एवढा दुष्काळ मंगळवेढ्याच्या ज्वारीने कधी पाहिलेला नाही.

या ओढीने किती पाणी निघून जातं, तेही काढता येतं. एक किलो पाण्यात एक मोल (रसायनशास्त्रात कण मोजायचं माप) कण विरघळले की गोठणबिंदू १.८६ अंशाने खाली जातो. पेशीचा रस सुरुवातीला अर्धा मोल असेल तर तो उणे एक अंशाच्या जरा वर गोठायला हवा. उणे दहा अंशांत समतोल साधायचा तर रस ५.४ मोलपर्यंत घट्ट व्हायला हवा. अर्धा भागिले ५.४, म्हणजे पेशीत मूळ पाण्यापैकी जेमतेम ९ टक्के उरतं. आता समजा झाडाने शरदातच साखर वाढवून रस एक मोल केला. गोठणबिंदूत फरक पडला एक अंशाहूनही कमी, पण उणे दहाला शिल्लक राहणारं पाणी दुप्पट झालं, १८-१९ टक्के. झाडातली साखर गोठणबिंदू खाली आणते म्हणून झाड वाचतं, असं लिहिलेलं वारंवार दिसतं. ते अगदीच खोटं नाही, पण त्याने उणे तीसची रात्र निघत नाही. साखरेचं मोठं काम म्हणजे पाणी धरून ठेवणं, आणि पाणी गेलंच तर त्याच्या जागी पटलं आणि प्रथिनं यांच्या मध्ये उभं राहणं.

मग पेशी मरते ती कशाने? बहुतेक वेळा पटलाने. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात राय या गव्हाच्या जातकुळीतल्या धान्याच्या पेशी, भिंत काढून टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली गोठवल्या गेल्या. थंडीला न सरावलेली पेशी आक्रसताना जास्तीचं पटल आत ओढून त्याचे बारीक फुगे करते आणि ते फुगे मूळ पटलापासून तुटतात. बर्फ वितळला, पाणी परत आत धावलं की पेशीला पुन्हा मोठं व्हायचं असतं, पण पटल कमी पडतं. तिथे ती फाटते. म्हणजे मरण गोठताना येत नाही, वितळताना येतं. सरावलेली पेशी तेच पटल बाहेरच्या बाजूला बारीक बोटांसारखं काढून ठेवते, जोड न तोडता, आणि पाणी आलं की परत ताणून घेते. याहून जास्त कोरडेपणात दुसरी अडचण उभी राहते: पेशीतली वेगवेगळी पटलं एकमेकांना इतकी चिकटतात की त्यांचे स्निग्ध थर एकमेकांत मिसळतात, आणि आत-बाहेर हा भेदच संपतो. म्हणून शरदात झाड पटलांची घडण बदलतं. असंतृप्त स्निग्धाम्लं आणि फॉस्फोलिपिडं वाढतात, त्यामुळे पटल गारठ्यातही लवचीक राहतं.

ही तयारी एका रात्रीत होत नाही. पहिला इशारा थंडीचा नसतो, दिवस लहान होण्याचा असतो. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य रात्रीची लांबी मोजतं. रात्र ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शेंड्याची वाढ थांबते आणि डोळा बंद होतो. या पहिल्या टप्प्यात झाड उणे काही अंश सोसू लागतं. शून्याच्या वरची थंडी, म्हणजे पाच ते शून्य अंशांचे काही आठवडे, दुसरं काम करते. खोडातल्या आणि सालीतल्या स्टार्चचं सुक्रोज, रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरांत रूपांतर होतं. पेशीतली एकच मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्याची पिशवी, मोडून तिच्या लहान-लहान पिशव्या होतात. डिहायड्रिन नावाची प्रथिनं भरली जातात. ती उकळत्या पाण्यातही गुठळ्या धरत नाहीत आणि पाणी गेलं तरी शेजारच्या प्रथिनांना आणि पटलांना आधार देतात. शेंड्यातल्या पेशी-पेशींमधले बारीक दुवे कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजवले जातात. आणि शेवटी प्रत्यक्ष हिमाच्या काही रात्री लागतात, तेव्हा कुठे झाड पूर्ण ताकदीला येतं. ऑगस्टमध्ये उणे तीन-चारला मरणारी तीच फांदी जानेवारीत उणे चाळीस सोसते.

यात बिघाड कुठे होतो हे माळ्याला चांगलं कळतं. उन्हाळ्याच्या शेवटी नत्र दिलं, पाणी चालू ठेवलं की शेंडा वाढतच राहतो आणि पहिल्याच हिमात काळा पडतो. रस्त्यावरच्या दिव्याखालच्या फांद्यांना रात्र लहान भासते. त्या पानं उशिरा टाकतात आणि तयारीतही मागे पडतात. दक्षिणेकडचं बी आणून उत्तरेत लावलं तर अशी झाडं शरदात वेळेवर थांबत नाहीत. जात तीच, पण त्यांच्या अंगातलं रात्रीचं माप दुसऱ्या गावचं.

सगळ्या रुंदपर्णी झाडांची युक्ती एक नाही, आणि या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग मला हाच वाटतो. वर सांगितलेला रस्ता, म्हणजे बाहेर बर्फ आणि आत कोरडेपणा, सालीतल्या पेशी सगळीकडेच वापरतात. पण लाकडाच्या आत केंद्राकडून सालीकडे जाणारे जे जिवंत पेशींचे पट्टे असतात, काष्ठकिरण, ते ओक, एल्म, मेपल, अ‍ॅश, हिकरी, सफरचंद यांच्यात वेगळंच करतात. तिथल्या भिंती जाड, ताठ आणि त्यांतली छिद्रं इतकी बारीक की बर्फ आत शिरत नाही आणि पाणीही सहज बाहेर जात नाही. शेजारच्या वाहिनीत बर्फ, आणि भिंतीपलीकडच्या पेशीत उणे वीस, उणे तीसचं द्रव पाणी. जपानच्या कात्सुरा झाडात तर काष्ठकिरणांत फ्लाव्होनॉइडच्या कुळातली अशी संयुगं सापडली आहेत जी बर्फाचं बीज धरूच देत नाहीत.

पण या युक्तीला तळ आहे. उणे ३८च्या खाली पाणी बीजाशिवायही आपोआप गोठतं. विरघळलेल्या साखरेमुळे तो तळ उणे ४० ते ४७पर्यंत सरकतो, त्यापुढे नाही. फांदीला तापमापकाची तार लावून ती हळूहळू थंड केली तर आलेखावर दोन उसळ्या दिसतात, कारण गोठताना पाणी उष्णता सोडतं. पहिली उणे पाच-दहाच्या आसपास, वाहिन्यांतलं आणि फटींतलं पाणी गोठल्याची, ती निरुपद्रवी. दुसरी उणे चाळीसजवळ, काष्ठकिरणांतलं पाणी आतल्या आत गोठल्याची. दुसरी उसळी म्हणजे त्या पेशींचं मरण. १९७४ साली अमेरिकेत जॉर्ज, बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जातींची ही दुसरी उसळी मोजली आणि ती झाडं उत्तरेकडे कुठवर वाढतात त्याच्याशी ताडून पाहिली. ज्या भागात हिवाळ्याचा नीचांक उणे चाळीसच्या खाली जातो, तिथे या जाती थांबतात. पेशीतल्या पाण्याचा एक भौतिक गुण जंगलाच्या नकाशावर सीमा आखतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

त्या सीमेपलीकडे भूर्ज, पॉपलर, विलो उभे असतात. त्यांनी द्रव पाणी धरून ठेवायचा हट्टच सोडलेला आहे. त्यांचे काष्ठकिरणही पाणी बाहेर सोडतात आणि कोरडे होत जातात. जपानमधल्या साप्पोरोच्या अकिरा साकाई यांनी १९६० साली विलो आणि पॉपलरच्या सरावलेल्या काड्या आधी उणे तीसपर्यंत हळूहळू गोठवल्या आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या. नंतर त्या जिवंत निघाल्या. थेट बुडवलेल्या काड्या मात्र मेल्या. फरक का पडला याचं उत्तर १९८५ साली पॉपलरवरच्या कामातून आलं: हळूहळू थंड होताना उणे २८च्या आसपास पेशीतला घट्ट साखरी रस काचेसारखा थिजतो. स्फटिक नाही, नुसता ताठरपणा. काच झालेल्या रसात रेणू हलत नाहीत, त्यामुळे पुढे कितीही थंडी पडली तरी ना बर्फ होतो, ना आणखी पाणी जातं. आपल्या हिमालयात झाडांची शेवटची रेषा जिथे येते, साडेतीन-चार हजार मीटरवर, तिथे भूर्जपत्राचं झाड उभं असतं ते याच कुळातलं.

जिवंत पेशी वाचल्या म्हणून झाड वाचलं असं होत नाही. पाणी वर चढवणाऱ्या वाहिन्या मेलेल्या नळ्याच असतात, पण त्यांची वेगळी आपत्ती आहे. पाण्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही. गोठताना ती बुडबुडे होऊन बाहेर पडते. वितळताना वरून पानांची ओढ असेल तर बुडबुडा मोठा होतो आणि नळी तुटते, मोटारीने हवा धरावी तशी. नळीचा व्यास ४०-४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की हा धोका झपाट्याने वाढतो. ओकच्या वसंतातल्या नळ्या दोनशे-तीनशे मायक्रॉन रुंद असतात. पहिल्या कडक हिमातच त्या निकामी होतात. म्हणून ओक दर वसंतात, पानं उलगडण्याआधी, नळ्यांचं नवं कडं तयार करतो आणि उशिरा पालवतो. भूर्जाच्या नळ्या अरुंद असतात, शिवाय वसंतात तो मुळांच्या दाबाने त्या पुन्हा भरून घेतो. साखरी मेपलमध्ये रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं यांच्या आलटापालटीने खोडातच दाब तयार होतो. भोक पाडून तोच रस काढतात. त्यात साखर साधारण २ टक्के, म्हणून एक लिटर पाकाला चाळीसेक लिटर रस आटवावा लागतो. तो पाक म्हणजे पेशींनी हिवाळ्यासाठी मोडलेला स्टार्चच.

मुळं या सगळ्यात कच्ची. सफरचंदाचं खोड उणे तीस-पस्तीस सोसतं, पण त्याच झाडाची मुळं उणे दहाच्या आसपासच दगावतात. एरवी माती आणि वरचा बर्फाचा थर त्यांना सांभाळतो. बर्फ न पडता नुसती कोरडी थंडी पडली की मुळं मरतात, आणि हे कळतं थेट वसंतात, जेव्हा डोळे फुटून आठवड्याभरात सुकतात. कुंडीतली झाडं थंड प्रदेशात याच कारणाने जातात. लडाखला बदली झालेल्या कुणी हौसेने कुंडीत झाड ठेवलं असेल तर कुंडी जमिनीत पुरणं हाच उपाय. खोडाला पोतं गुंडाळून मुळांना काही मिळत नाही.

एखादी फांदी किती थंडी सोसेल हे मोजायची रीत सोपी आहे, पण एका जागी हमखास चुकते. काडीचे पाचेक मिलिमीटरचे तुकडे करायचे, परीक्षानळीत थोड्या शुद्ध पाण्यासह ठेवायचे आणि उणे दोनवर आणून नळीत बर्फाचा खडा टाकायचा. हा खडा विसरला की घोळ. बीज न मिळाल्याने तुकडा उणे सात-आठपर्यंत द्रवच राहतो, मग एकदम गोठतो आणि पेशीतलं पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आत बर्फ होतो आणि काटक जातही नाजूक असल्याचा निष्कर्ष निघतो. खडा टाकल्यावर तासभर थांबून दर तासाला तीन ते पाच अंश या गतीने खाली न्यायचं, ठरावीक तापमानांना एकेक नळी काढायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये चार अंशांवर सावकाश वितळू द्यायची. मग पुरेसं शुद्ध पाणी घालून रात्रभर हलवायचं आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. पटल फाटलं असेल तर क्षार बाहेर आलेले असतात. शेवटी तेच तुकडे उकळून सगळ्या पेशी मारायच्या, पुन्हा मोजायचं, आणि पहिल्या आकड्याचं दुसऱ्याशी प्रमाण काढायचं. बागेत एवढं करणं शक्य नसतं. तिथे नखाने साल खरवडून पाहायची: खाली हिरवं-पांढरं दिसलं तर कॅम्बियम, म्हणजे सालीखालचा वाढीचा थर, जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेलं. मात्र भर हिवाळ्यात कॅम्बियम सगळ्यात काटक असतं आणि काष्ठकिरण आधी मरतात, त्यामुळे साल हिरवी असूनही आतलं लाकूड काळवंडलेलं निघू शकतं. काडी आडवी कापून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

तयारीला आठवडे लागतात, पण ती मोडायला काही उबदार दिवस पुरतात. वसंतात बहुतेक नुकसान यामुळेच होतं. जानेवारीत उणे तीस सोसलेल्या सफरचंदाचा डोळा नुकताच फुगून रुपेरी टोक दाखवू लागला की उणे ९.४ अंशांत दहातला एक डोळा मरतो. पूर्ण फुलोऱ्यात तेवढंच नुकसान उणे २.२ला होतं, आणि उणे ३.९ला दहातली नऊ फुलं जातात. २००७च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात हेच घडलं. मार्च उबदार गेला, झाडं लवकर पालवली आणि ईस्टरच्या सुमारास आलेल्या हिमाने जंगलातली कोवळी पालवी करपून काळी पडली. फळबागांत अशा रात्री झाडांवर पाण्याचे फवारे चालू ठेवतात. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्या उष्णतेवर फूल शून्याच्या जवळ टिकतं. पहाटे मध्येच पंप बंद पडला तर मात्र ओल्या फुलातलं पाणी वाफ होताना उलट उष्णता खेचून घेतं आणि न फवारलेल्या बागेपेक्षा जास्त नुकसान होतं.

हवेचं तापमान आणि पानाचं तापमान एक नसतं, हेही इथे लक्षात घ्यावं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा काही अंश थंड होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हवा चार-पाच अंशांवर असताना दवाचे हिमकण होतात ते यामुळेच. निफाडकडचे द्राक्षवाले थंडीच्या लाटेत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं कोमट पाणी सोडतात, त्यामागचा हिशेबही हाच.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्षवेलीला हे प्रश्न पडत नाहीत, पण क्षमता तिच्याही अंगात आहे. युरोपातल्या थंड भागात याच जातीचा डोळा भर हिवाळ्यात उणे वीस-पंचवीसपर्यंत आतलं पाणी द्रव ठेवतो. एका डोळ्यात तीन अंकुर असतात. थंडीने पहिला, मुख्य अंकुर आधी मरतो आणि मग दुय्यम अंकुर फुटतो, त्याला घड कमी लागतात. आपल्याकडे वेल पूर्ण झोपतच नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर एक-दोन दिवसांत डोळ्यांना ते फोडणाऱ्या हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे लेप, करावं लागतं ते थंडीची ती उणीव भरून काढायला.

मग कडुनिंबाचं काय? चाळीस-बेचाळीस अंशांत, महिनोन्महिने पावसाशिवाय हिरवा राहणारा हा वृक्ष हिमाच्या एका रात्रीत पोळतो. त्याची रोपं तर मरतातच. थंडी म्हणजे दुष्काळच असेल तर दुष्काळात मुरलेलं झाड का हरावं? कारण कडुनिंब दुष्काळ सोसतो त्यापेक्षा जास्त तो टाळतो. खोल मुळं, दुपारी मिटलेली पर्णरंध्रं, गळणारी पानं, हे सगळं मिळून पेशीपर्यंत १२० बारची ओढ पोचूच देत नाही. बर्फ ती काही तासांत थेट पेशीच्या दाराशी आणतो. तिथे मुळाची खोली कामाची नाही, आतली साखर, प्रथिनं आणि पटलाची घडण लागते. ती घडवायला सांगणारा लहान दिवसांचा आणि गारव्याचा हुकूम कडुनिंब ओळखत नाही.

कडुनिंब आणि थंड प्रदेशातली झाडं या दोहोंच्या मध्ये डाळिंब उभं आहे, म्हणून सोलापूरकराने डाळिंबाकडे नीट पाहावं. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रापासून खेड्यातल्या बागायतदारापर्यंत सगळे बहार धरण्याआधी झाडाला ताण देतात. हलक्या जमिनीत चार-पाच आठवडे पाणी तोडायचं, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं पिवळी पडली पण गळाली नाहीत तर इथरेल हे पानगळ करणारं औषध, लिटरला एक ते अडीच मिली, पानांची स्थिती पाहून. झाड विश्रांतीला जातं, काडीत साठा होतो आणि पाणी सोडल्यावर एकसारखी फुलं निघतात. हेच डाळिंब उझबेकिस्तानात पाण्याच्या ताणाने नाही, थंडीने पानं टाकतं. विश्रांतीत गेलेल्या झाडाच्या फांद्या उणे बाराच्या आसपास दगावू लागतात. त्याहून खाली खोड जमिनीपर्यंत जातं आणि मुळातून पुन्हा फुटवे येतात. म्हणून तिथे शरदात फांद्या एकत्र बांधून वाकवतात आणि वर माती ओढून झुडूप चक्क पुरतात. झुडूप मुळातच तिरकं लावलेलं असतं, म्हणजे वाकवताना खोड मोडत नाही. फार लवकर, माती ओली असताना पुरलं तर साल कुजते. वसंतात उकरायला उशीर झाला तर डोळे मातीतच फुटतात आणि ते पांढुरके कोंब उन्हात टिकत नाहीत.

सफरचंदाचं उलटं. कमी थंडीवर येणाऱ्या अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन किंवा हिमाचलच्या बिलासपूरकडून आलेल्या एचआरएमएन-९९ या जाती महाराष्ट्रात हौसेने लावल्या जातात. अ‍ॅनालाही ७ अंशांखालचे दोन-तीनशे तास लागतात असं धरतात. सोलापुरात तेवढे तास जमा होणं अशक्य. यावर जावा बेटावरच्या बाटू गावच्या बागायतदारांनी काढलेला मार्ग जास्त उपयोगाचा वाटतो. विषुववृत्ताजवळच्या त्या डोंगरात हिवाळा नाहीच. तिथे फळं तोडल्यावर काही आठवड्यांत झाडाची सगळी पानं हाताने खुडतात, फांद्या आडव्या बांधतात, आणि डोळे खोल विश्रांतीत जाण्याआधीच फुटतात. वर्षात दोन पिकं निघतात. पानं खुडायला उशीर झाला तर डोळा आत गाढ जातो, आणि त्याला उठवणारी थंडी इथल्या कुठल्याच महिन्यात मिळत नाही. मग झाड जगतं, वाढतंही, पण फक्त शेंड्याचे दोन-चार डोळे फुटतात आणि खालची काडी उघडी राहते.